जेसी अनरू : कॅलिफोर्नियाच्या ‘स्पीकर’ची कारकीर्द गोव्याच्या वाचकाला कशी समजावून सांगावी?

अंत्रुजवासी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या दिवाळी अंकाचा यंदाचा विषय विधिमंडळ आहे. त्यात कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट नेते जेसी अनरू (१९२२-१९८७) यांच्यावर तीनेक हजार शब्दांचा लेख द्यायचा आहे. पदांची यादी जमली आहे : १९५४ ला असेंब्लीवर (विधिमंडळाच्या खालच्या सभागृहावर) निवड, १९६१ ते १९६९ स्पीकर, १९७० ला गव्हर्नरपदासाठी रॉनल्ड रीगन यांच्याकडून हार, १९७५ पासून शेवटपर्यंत राज्याचे ट्रेझरर. पण एवढ्या यादीतून माणूस उभा राहत नाही.

अडचणी अशा. निवडीचं साल कुठे १९५४ दिसतं, कुठे १९५५. स्पीकरला आपल्या ‘सभापती’ शब्दाने बोलावलं की पुढचं काहीच जुळत नाही. १९६३ साली यांनी विरोधकांना रात्रभर सभागृहात कोंडून ठेवलं असं वाचलं. पर्वरीत, आपल्या गोवा विधानसभेत, सभापती मार्शलकरवी आमदाराला बाहेर काढतात, आत कोंडत नाहीत! हे कोणत्या नियमात बसलं? आणि मूळ कागद अमेरिकेला न जाता कुठे बघता येतील?

मांडवीतीर

नमस्कार. आधी सालांचं. तिथे विधिमंडळाची निवडणूक सम वर्षाच्या नोव्हेंबरात होते. नवे सदस्य त्या काळी पुढच्या विषम वर्षाच्या जानेवारीत शपथ घेत. म्हणून निवड १९५४ ची आणि सदस्यत्व १९५५ पासून, दोन्ही बरोबर. तक्त्यात ‘निवडणूक’ आणि ‘पदग्रहण’ असे दोन रकाने करा, म्हणजे निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. ट्रेझररपदालाही हेच लागू : निवड नोव्हेंबर १९७४, पदग्रहण जानेवारी १९७५.

निवडणुकीचे आकडे पाहताना एक खड्डा लक्षात ठेवा. जूनची प्राथमिक निवडणूक त्या काळी पक्षांतर्गत असे, नोव्हेंबरची अंतिम. पण कॅलिफोर्नियात १९१३ पासून १९५९ पर्यंत एकाच उमेदवाराला दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुकीत उभं राहता येत असे. अर्ल वॉरन यांनी १९४६ ला गव्हर्नरपदासाठी दोन्ही पक्षांची उमेदवारी जिंकली ती याच सवलतीवर. त्यामुळे त्या काळच्या तक्त्यांत एकच नाव डेमोक्रॅट यादीतही दिसतं आणि रिपब्लिकन यादीतही. पाहणाऱ्याला वाटतं माणसाने पक्ष बदलला. तसं काही नसतं. १९५२ च्या सार्वमतानंतर मतपत्रिकेवर उमेदवाराचा खरा पक्ष छापू लागले, आणि अनरू, जे त्याआधी हरलेले होते, ते १९५४ ला निवडून आले. त्या सालाचं महत्त्व हेच. लेखात हा दुवा घ्याच.

आता कोंडण्याचा प्रश्न. मला तो कारकिर्दीचा सगळ्यात बोलका प्रसंग वाटतो, आणि त्याची किल्ली मतमोजणीच्या नियमात आहे. आपल्याकडे संविधानाच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे ठराव हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो. ४० आमदारांच्या सभागृहात २६ जणांनी मत दिलं तर १४ पुरतात. जो गप्प बसला तो हिशेबातून बाहेर. कॅलिफोर्नियात बहुमत एकूण सदस्यसंख्येवर मोजतात. असेंब्ली ८० ची, म्हणून साध्या विधेयकाला ४१ लागतात, समोर कितीही माणसं बसलेली असोत. अर्थसंकल्पाला त्या काळी दोन तृतीयांश, म्हणजे ५४. याचा अर्थ, मत न देणं हेच विरोधी मत. सभागृहात बसून नुसतं गप्प राहिलं तरी अर्थसंकल्प पडतो.

जुलै १९६३ च्या अखेरीस रिपब्लिकन सदस्यांनी तेच केलं. शाळांच्या अनुदानाच्या विधेयकाचा तपशील हाती आल्याशिवाय आम्ही अर्थसंकल्पावर मत देणार नाही, असं ते म्हणाले. डेमोक्रॅटांकडे एकट्याच्या बळावर ५४ नव्हते. तेव्हा अनरू यांनी ‘कॉल ऑफ द हाउस’ लावला. या तरतुदीत मतदान अर्धवट थांबवून ठेवता येतं, दारं बंद होतात, गैरहजर सदस्यांना सार्जंट शोधून आणतात, आणि कॉल उठेपर्यंत परवानगीशिवाय कुणी बाहेर जात नाही. मूळ हेतू गैरहजरांना आणण्याचा. अनरू यांनी तो हजर असलेल्यांना दमवायला वापरला. नियम मोडला नाही, पण नियम ज्यासाठी होता त्यासाठी वापरलाही नाही. सदस्य रात्रभर आत राहिले आणि सकाळच्या वृत्तपत्रांना आयतंच चित्र मिळालं : गलेलठ्ठ हुकूमशहा आणि कोंडलेले लोकप्रतिनिधी. ‘बिग डॅडी’ हे त्यांना न आवडणारं टोपणनाव त्यानंतर कायमचं चिकटलं.

‘सभापती’ शब्दाबद्दल माझं स्पष्ट मत : वापरू नका. आपला सभापती निवडून आला की पक्षापासून अंतर राखेल अशी अपेक्षा असते. तो एरवी मत देत नाही, समसमान झाली तरच निर्णायक मत देतो. कॅलिफोर्नियाचा स्पीकर उघडपणे बहुमताच्या पक्षाचा नेता असतो. स्वतः विधेयकं मांडतो, मत देतो, समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य नेमतो. गोव्याच्या पहिल्या विधानसभेचे सभापती पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर आणि मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, या दोन खुर्च्यांची कामं एकाच माणसाकडे आली, वर पक्षाच्या निवडणूक निधीची चावीही, अशी कल्पना करा. (रस्ते, पाणी यांचं प्रशासन मात्र गव्हर्नरकडे. तेवढा भाग वजा करा.) ही तुलना फोंड्यातल्या वाचकाला एका वाक्यात कळेल. गंमत अशी की गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक त्याच १९६३ च्या डिसेंबरात झाली.

‘गव्हर्नर’ला राज्यपाल म्हणू नका, तो थेट लोकांनी निवडलेला असतो. आणि ‘ट्रेझरर’ला खजिनदार म्हटलं की भजनी मंडळाचा खजिनदार डोळ्यांसमोर येतो. तेही राज्यभरच्या मतदारांनी निवडलेलं पद आहे. एकदा ‘निवडून येणारा राज्य कोषाध्यक्ष’ असं सांगा आणि पुढे ट्रेझररच लिहा.

डिचोली वाचनकट्टा

छोटी पुरवणी. आडनावाचा उच्चार ‘अनरू’ असाच, शेवटचा ‘ह’ उच्चारत नाहीत. मराठीत ‘उनरूह’ कुठे दिसलं तर अंकात ते उतरवू नका. जन्म कॅन्ससमधल्या न्यूटनचा, बालपण टेक्ससमध्ये गरिबीत. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते, नंतर लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात शिकले, १९४८ ला पदवी. यावर एक परिच्छेद पुरे. बालपण लांबवलं की विधिमंडळ अंकाच्या बाहेर जातं.

कायद्याचा कागद

वर सगळं सभागृहाचं झालं, पण त्यांचं नाव आजही रोज घेतलं जातं ते एका कायद्यामुळे. तो लेखात नसेल तर लेख लंगडा.

१९५९ चा अनरू नागरी हक्क कायदा. त्याआधी कॅलिफोर्नियात १८९७ चा कायदा होता. त्यात खाणावळ, उपाहारगृह, न्हाव्याचं दुकान अशी ठिकाणांची यादी होती. यादीची खोड अशी की यादीत नसलेला प्रत्येक धंदा सुटतो. न्यायालयं यादी अरुंद वाचू लागली आणि कायदा आटत गेला. अनरू यांच्या विधेयकाने यादीच काढून टाकली आणि ‘कोणत्याही प्रकारच्या सर्व व्यावसायिक आस्थापना’ असा सरसकट शब्दप्रयोग घातला. वंश, वर्ण, धर्म, पूर्वजांचं मूळ, राष्ट्रीय मूळ यांवरून गिऱ्हाइकाला नाकारता येणार नाही. नाकारलं तर प्रत्यक्ष नुकसानीवर २५० डॉलर भरपाई. आकडा लहान दिसतो, पण अपमान झाला आणि पैशाचं नुकसान दाखवता येत नाही अशा माणसालाही त्यामुळे न्यायालयात जायला कारण मिळालं.

पुढचा प्रवासही घ्या. लिंगाचा आधार १९७४ ला जोडला गेला. १९७० ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यातले आधार उदाहरणादाखल आहेत, मनमानी भेदभाव सगळाच निषिद्ध. तो खटला लांब केस असलेल्या मित्राबरोबर बाजारसंकुलात आलेल्या तरुणाचा होता. १९८२ ला मुलं असलेल्या कुटुंबांना घर नाकारणारा घरमालक याच कायद्याखाली हरला.

इथे लोक हमखास एक घोटाळा करतात. १९६३ चा घरांच्या विक्री-भाड्यातल्या भेदभावाविरुद्धचा कायदा अनरू यांच्या नावावर टाकतात. तो विल्यम बायरन रमफर्ड यांचा. १९६४ च्या नोव्हेंबरात मतदारांनी ‘प्रपोझिशन १४’ (प्रपोझिशन म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) मंजूर करून तो निष्प्रभ केला, आणि १९६७ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते प्रपोझिशनच रद्द ठरवलं. दोन कायदे, दोन माणसं. वेगळे ठेवा.

आपल्याकडे १९६४ चा कूळ कायदा म्हटलं की बांदोडकरांचं सरकार आठवतं, पण कायद्याच्या शीर्षकात त्यांचं नाव नाही. तिथे मांडणाऱ्याचं नाव कायद्याला चिकटतं, म्हणून सदस्याच्या कारकिर्दीचा माग काढणं सोपं जातं. हप्त्यावरच्या खरेदीत गिऱ्हाइकाला संरक्षण देणारा १९५९ चाच दुसरा कायदाही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो फारसा कुणी सांगत नाही, पण फ्रिजसारख्या वस्तू हप्त्यावर घेणाऱ्या कामगार मतदारासाठी तो कदाचित जास्त उपयोगाचा होता.

अंत्रुजवासी

मांडवीतीर सर, मतमोजणीचा मुद्दा वाचून डोक्यात लख्ख उजेड पडला. कायद्याचा कागद, तुमचेही आभार, रमफर्ड यांचा घोटाळा माझ्या मसुद्यात होताच, काढला. आणखी एक विचारतो. तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही, व्हिप मोडला तर आमदारकी जात नाही. मग सात वर्षांहून जास्त काळ त्यांनी माणसं बांधून ठेवली कशी? आपल्याकडे तर कायदा असूनही कोण कधी उठून जाईल सांगता येत नाही.

मांडवीतीर

तीन गोष्टींनी, आणि तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या.

पहिली, पैसा. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियाचं विधिमंडळ लॉबीवाल्यांच्या, म्हणजे उद्योगांसाठी आमदारांकडून कामं करून घेणाऱ्या मध्यस्थांच्या, खिशात होतं. आर्टी सॅमिश नावाच्या लॉबीवाल्याची सत्ता एवढी की १९४९ ला एका राष्ट्रीय नियतकालिकाने त्याच्यावर लेखमाला केली. १९५३ ला तो कर चुकवल्याबद्दल दोषी ठरला. तेव्हा उद्योगाचा पैसा प्रत्येक उमेदवाराला सुटा सुटा जाई, म्हणून प्रत्येक आमदार सुटा सुटा मिंधा होई. अनरू यांनी तो ओघ स्वतःकडे वळवला आणि तिथून चुरशीच्या मतदारसंघांतल्या आपल्या उमेदवारांना वाटला. निवडून आलेला सदस्य आता उद्योगाचा नव्हे, स्पीकरचा ऋणी. ‘पैसा म्हणजे राजकारणाचं आईचं दूध’ हे १९६६ चं त्यांचं वाक्य याच व्यवहाराचं वर्णन आहे. मी याला भ्रष्टाचारमुक्ती म्हणणार नाही. लॉबीचा पैसा तोच राहिला, फक्त सौदा करणारं टोक बदललं. पण टोक बदलल्याने नागरी हक्कांसारखं विधेयक धंदेवाल्यांच्या नाराजीतून पार नेता आलं, हेही खरं.

दुसरी, समित्या. विधेयक समितीतच जगतं किंवा मरतं, आणि समित्या स्पीकर नेमतो. १९५९ ला अनरू यांच्याकडे वेज अँड मीन्स समितीचं अध्यक्षपद आलं. खर्चाचं प्रत्येक विधेयक त्या टेबलावरून जाई. स्पीकरपद १९६१ च्या सप्टेंबरात मिळालं, पण सत्तेची शाळा ही समिती. लेखात त्या दोन वर्षांना जागा द्या.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते : माहिती. पूर्वी विधिमंडळाचं सर्वसाधारण अधिवेशन विषम वर्षात १२० दिवस आणि सम वर्षात फक्त अर्थसंकल्पासाठी ३० दिवस भरे. पगार वर्षाला ६,००० डॉलर. सदस्याकडे ना वेळ, ना माहितगार कर्मचारी. विधेयकाचा मसुदा आणि त्याचं गणित लॉबीवालाच घेऊन येई. अनरू यांनी समित्यांना तज्ज्ञ सल्लागार दिले, सदस्यांना मतदारसंघात कचेऱ्या दिल्या, विरोधी पक्षालाही कर्मचारी दिले. मग ८ नोव्हेंबर १९६६ ला ‘प्रपोझिशन १ए’ मतदारांपुढे गेलं आणि मंजूर झालं : दरवर्षी अधिवेशन, दिवसांची मर्यादा रद्द, पगार १६,००० डॉलर. त्याच दिवशी रीगन गव्हर्नर म्हणून निवडून आले. १९७१ ला राज्य विधिमंडळांची तुलना करणाऱ्या एका नागरी संस्थेने कॅलिफोर्नियाला देशात पहिला क्रमांक दिला.

सेनेटचंही, म्हणजे वरच्या सभागृहाचंही, थोडं. १९६६ आधी ४० जणांच्या सेनेटमध्ये एका काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एकापेक्षा जास्त सदस्य नसे. १९६० च्या जनगणनेत लॉस एंजेलिस काउंटीची वस्ती ६०,३८,७७१, सदस्य एक. अल्पाइन, इन्यो आणि मोनो या तीन डोंगरी काउंट्यांची मिळून १४,२९४, सदस्य एकच. आकडे शेजारी शेजारी छापा, वर काही लिहायला नको. असेंब्लीत अनरू कितीही बलवान असले तरी पलीकडे ही भिंत होती. ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ निकालाने पडली : जागा लोकसंख्येच्या प्रमाणातच हव्यात.

कायद्याचा कागद

मांडवीतीरांच्या एका वाक्यावर आक्षेप. कोंडण्याच्या प्रसंगी ‘नियम मोडला नाही’ एवढं म्हणून सोडता येणार नाही. विरोधकांची मागणी काय होती? मत देण्याआधी कागद दाखवा. ज्या माणसाने सदस्यांना माहिती मिळावी म्हणून पुढे एवढं केलं, त्यानेच त्या रात्री माहिती मागणाऱ्यांसमोर दार लावून घेतलं. हा विरोध लेखात उघड मांडला पाहिजे. विरोधी पक्षाला कर्मचारी देण्याचं शहाणपण या फजितीनंतर पक्कं झालं असं मला वाटतं. पुरावा म्हणून नव्हे, क्रम पाहून म्हणतो.

उतरता काळही लांबवू नका, पण दोन गोष्टी सोडूही नका. १९६८ ला रॉबर्ट केनेडी यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच्या कॅलिफोर्निया मोहिमेचे ते प्रमुख आधार होते. ५ जूनच्या पहाटे अँबॅसडर हॉटेलात केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा जमाव मारेकऱ्याच्या अंगावर धावला. त्याला जिवंत पोलिसांच्या हाती देण्यासाठी मध्ये पडलेल्यांत अनरू होते. आपल्या नेत्याचं रक्त समोर सांडलेलं असताना त्यांनी खटला चालला पाहिजे हे लक्षात ठेवलं. तुमच्या लेखात एकच दृश्य जवळून रंगवायचं असेल तर ते हे घ्या, १९६३ ची रात्र नव्हे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात असेंब्लीतलं बहुमत ४१ विरुद्ध ३९ असं रिपब्लिकनांकडे गेलं आणि जानेवारी १९६९ ला स्पीकरपद गेलं.

दुसरी गोष्ट ट्रेझररपदाची. १९७० ला रीगन यांच्याकडून आणि १९७३ ला लॉस एंजेलिसच्या महापौरपदासाठी हरल्यावर हे पद म्हणजे अडगळ, असं सगळ्यांना वाटलं. पण ट्रेझरर पदसिद्ध म्हणून सरकारी नोकर आणि शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधींच्या मंडळांवर बसतो, आणि ते निधी देशातल्या सगळ्यात मोठ्या भागधारकांपैकी. १९८४ ला टेक्साको कंपनीने एका बड्या भागधारकाचे शेअर बाजारभावापेक्षा चढ्या दराने परत घेतले, बाकीच्यांना तो दर दिला नाही. निवृत्तिवेतन निधीही त्या बाकीच्यांत. यातून १९८५ ला ‘कौन्सिल ऑफ इन्स्टिट्यूशनल इन्व्हेस्टर्स’ उभी राहिली, तिच्या संस्थापकांत अनरू होते. पद रिकामं दिसलं की त्याच्या कोणत्या मंडळावर कोणती खुर्ची पदसिद्ध आहे ते बघायचं, ही त्यांची जुनी सवय इथेही दिसते.

डिचोली वाचनकट्टा

कागदपत्रांचा प्रश्न राहिला, तो मी घेतो. सगळं घरबसल्या होईल, फक्त क्रम चुकवू नका.

सुरुवात असेंब्लीच्या क्लार्कच्या संकेतस्थळापासून करा. तिथे जुनी जर्नल, प्रत्येक अधिवेशनाची ‘फायनल हिस्टरी’ आणि मंजूर कायद्यांचे खंड स्कॅन करून ठेवले आहेत. आधी फायनल हिस्टरी उघडायची. तीत सदस्याच्या नावासमोर त्याने मांडलेल्या विधेयकांचे क्रमांक असतात. क्रमांक घेऊन त्या विधेयकाच्या तारखा बघायच्या. मंजूर झालं असेल तर ‘चॅप्टर’ क्रमांक मिळतो, तो घेऊन कायद्यांच्या खंडात जायचं. थेट जर्नलमध्ये शिरलात तर हजारो पानांत हरवाल.

सगळ्यात मोठी निराशा इथे होते म्हणून आधीच सांगतो : त्या जर्नलमध्ये भाषणं नसतात. आपल्या विधानसभेचं कामकाज शब्दशः नोंदलं जातं, तसं तिथे नाही. प्रस्ताव, दुरुस्त्या आणि नाववार मतं, एवढंच. ३० जुलै १९६३ च्या सुमाराचं जर्नल उघडलं तर कॉल लागला, कॉल उठला, कुणी मत दिलं हे दिसेल. कोण काय ओरडलं ते दिसणार नाही. त्यासाठी वर्तमानपत्र. ‘कॅलिफोर्निया डिजिटल न्यूजपेपर कलेक्शन’ फुकट आहे आणि त्यात सॅन बर्नार्डिनोचं ‘सन’ त्या वर्षांचं मिळतं. शोधताना नुसतं आडनाव टाकू नका, यंत्र जुनी छपाई चुकीची वाचतं आणि निम्म्या बातम्या सुटतात. तारीख आणि ‘असेंब्ली’ हा शब्द टाकून त्या आठवड्याचे अंक पानागणिक चाळा.

माणसांच्या आठवणी हव्या असतील तर बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयाने ध्वनिमुद्रित करून टंकलेल्या मुलाखती आहेत, आणि राज्य अभिलेखागाराचाही १९८५ ला सुरू झालेला मुलाखतींचा उपक्रम आहे. मुलाखत देणारा वीस वर्षांनी बोलतो, तारखा हमखास पुढेमागे करतो. तिथून स्वभाव घ्या, तारीख जर्नलमधूनच घ्या.

छपाईची एक सूचना. मतदारसंघाचा क्रमांक (त्यांचा ६५ वा) देताना ‘त्या वेळचा’ असं लिहा. दर जनगणनेनंतर सीमा आणि क्रमांक बदलतात. आजच्या नकाशात ६५ शोधणारा वाचक भलत्याच वस्तीत पोहोचेल.

अंत्रुजवासी

दिशा मिळाली. मसुद्याची सुरुवात बदलतो : ४१ आणि ५४ हे दोन आकडे आधी, पदांची यादी शेवटी चौकटीत. स्पीकर, गव्हर्नर, ट्रेझरर तिन्ही शब्द तसेच ठेवतो. १९६३ ची रात्र घेतो, पण कायद्याचा कागद यांचा आक्षेप त्याच परिच्छेदात. १९५९ ते ६१ च्या वेज अँड मीन्स समितीची विधेयकं आता फायनल हिस्टरीतून काढायला बसतो. काही अडलं तर इथेच विचारेन.